मुंबई–नागपूर विमानाने: ६८० किलोमीटरना पाच तास कसे लागतात

मुंबई ते नागपूर सरळ रेषेत साधारण ६८० किलोमीटर. जेट विमान उंची गाठल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास पळतं, म्हणजे भागाकार केला तर पन्नास मिनिटंही होत नाहीत. तिकिटावर मात्र दीड तासाच्या आगेमागे वेळ असते, आणि दादरहून सीताबर्डीला पोचायला मी पाच तास धरतो. कामाची वेळ ठरवायची तर हा पाच तासांचाच हिशेब उपयोगी पडतो.

तिकिटावरची वेळ निव्वळ उड्डाणाची नसते. मुंबईत विमान जागेवरून मागे ढकललं की ती सुरू होते आणि नागपूरला ते जागेवर लागलं की संपते. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात; म्हणून एका वेळी कामाची एकच. सकाळच्या गर्दीत पाचवा-सहावा नंबर लागला की पंधरा-वीस मिनिटं जमिनीवरच जातात. त्यात उड्डाण बहुतेक वेळा पश्चिमेकडे, जुहूच्या समुद्रावर. नागपूर पूर्वेला, म्हणजे वळसा आलाच. कंपन्या हा खोळंबा वेळापत्रकात आधीच धरतात. रांग नसली की ‘वेळेआधी पोचलो’ अशी घोषणा होते, त्यात वैमानिकाची करामत फारशी नसते.

वाऱ्याची चिंता या मार्गावर करू नये. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे जाताना पाठीशी आणि येताना तोंडावर. ताशी ८० किलोमीटरचा वारा धरला तरी जाण्या-येण्यात फरक नऊ-दहा मिनिटांचा. लंडनसारख्या सात हजार किलोमीटरच्या प्रवासात हाच वारा दीड तासाहून जास्त फरक पाडतो.

दहाचं विमान असेल तर मी साडेसातला दादर सोडतो. मेट्रो ३ थेट विमानतळाच्या टी १ आणि टी २ या दोन्ही टर्मिनलकडे नेते, हायवेच्या भरवशावर राहावं लागत नाही. पहाटेच्या विमानाला मात्र टॅक्सीच. सामान द्यायचं असेल तर काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो, गेट पंचवीस मिनिटं आधी. मध्ये सुरक्षा तपासणी, तिथे किती वेळ जाईल याचा नेम नाही. साडेअकराला नागपूरला विमान लागलं, बॅग यायला वीस मिनिटं, आणि सोनेगावचा विमानतळ शहरातच असल्याने अर्ध्या तासात बर्डी. सव्वाबारा-साडेबारा झाले.

रेल्वेने हेच अंतर ८३७ किलोमीटर. दुरांतो रात्री सुटून सकाळी पोचवते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, पण तो भिवंडीजवळ आमण्याला सुरू होतो, तिथवर जायचा वेळ वेगळा. सकाळी दहाची मीटिंग असेल तर दुरांतोच बरी, झोपही होते.

बुकिंग करताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून ‘मुंबई’ टाकलं की दोन्हीकडची विमानं एकाच यादीत येऊ शकतात. विमानतळाचा कोड बघा: बीओएम म्हणजे जुना, एनएमआय म्हणजे उलव्याचा नवा. पनवेल-खारघरवाल्यांना उलवे सोयीचं. दादर-अंधेरीकरांनी भाडं पाचशेने कमी दिसलं तरी अटल सेतूचा टोल आणि टॅक्सी त्यात मिळवून बघावी. बीओएम असेल तर टी १ की टी २ हेही तिकिटावर आदल्या रात्री पाहून ठेवा.