दहा ग्रॅम अंगाचा रंग

चतुर्थी तोंडावर आली की पेणच्या कारखान्यांत मूर्ती बाहेर काढायची घाई असते. त्या दिवशी शाडूची तीन फुटी मूर्ती टेम्पोत चढवताना दोर घासला आणि उजव्या कानाची कड उडाली. टवका नखाएवढाच, पण कानामागून खांद्यापर्यंत रंगही खरवडला गेला. मूर्ती संध्याकाळी न्यायची होती. अंगाचा रंग आम्ही बादलीने करतो आणि त्या मूर्तीची बादली कधीच संपली होती. आता हवा होता चार-पाच मिली रंग, तोही शेजारच्या गालाशी एकजीव होणारा.

बादलीत नजरेने रंग जमतो. तिथे निळ्याचा एक थेंब जास्त पडला तर कळतही नाही. दहा ग्रॅममध्ये तोच थेंब सगळा रंग मळकट करतो. म्हणून एवढ्या थोड्या रंगाला थेंब मोजण्यावर माझा अजिबात विश्वास नाही. बाटली भरलेली की रिकामी, सरळ धरली की तिरकी, तोंडाशी रंग सुकलाय का, रंग दाट आहे की पातळ, या सगळ्यावर थेंब लहानमोठा होतो. काट्यावर पाहिलं तर एकाच बाटलीचा एक थेंब ०.०३ ग्रॅम भरतो, दुसरा ०.०६. लालात दुपटीचा फरक म्हणजे वेगळीच अंगकांती.

आधी टवका. शाडूत पाणी घातलेला फेविकॉल कालवून दोन पातळ थरांत भरला. एकाच जाड थराला ड्रायर लावला की तडा जातो. २२० आणि मग ४०० नंबरचा कागद, त्यावर पांढऱ्या प्रायमरचे दोन हात. प्रायमर चुकवून चालत नाही. कोरी माती रंगातलं बाइंडर, म्हणजे रंगद्रव्य धरून ठेवणारा चिकट द्रव, पिऊन टाकते आणि तेवढाच डाग कोरडा, गडद दिसतो.

खरा प्रश्न होता छटा जुळवायची कशाशी. अंगावर शेवटचा हात मोत्याचा होता, म्हणजे अभ्रकाच्या चमकीचा. त्यामुळे गालावर दिसतो तो रंग मूळचा नसतोच. मोत्याने तो उजळलेला असतो. त्याच्याशी रंग जुळवून वर पुन्हा मोती मारला तर डाग पांढुरका पडणार. मूर्ती हळूच वळवली, तर पाठीमागे पितांबराच्या काठाखाली बोटभर जागा मिळाली. तिथे मोत्याचा फवारा पोचला नव्हता आणि शेडिंगही नव्हतं. मूळ रंग उघडा होता. डोळ्यांची आखणी करणारे काका म्हणाले, "उजेड आहे तोवर रंग बघून घे." ते बरोबरच होतं. कारखान्यातल्या एलईडी पट्ट्यांखाली जुळलेली छटा बाहेर वेगळीच दिसते, कारण आपल्या बाटलीतला पिवळा आणि बादलीतला पिवळा एकाच रंगद्रव्याचा असेल असं नाही. दाराशी, ऊन थेट न पडणाऱ्या जागी रंग बघायचा आणि शेवटी एकदा पिवळ्या बल्बखालीही, कारण मखरात तोच उजेड असतो.

बाटल्या आधी नीट हलवून घेतल्या. पांढरा आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) जड, तळाला बसतात. वरचा पातळ रंग घेतला तर वजन बरोबर येतं आणि रंगद्रव्य कमी पडतं. बाटलीत हलवायला गोळी घालायची तर स्टेनलेसची, साधी लोखंडी गंजून रंग तांबूस करते.

काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा, सोनाराकडे असतो तसला छोटा. २०१२ ते २०१८ सालचं एक रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅम भरतं, त्यावर तो तपासता येतो. पंखा बंद करायचा, नाहीतर शेवटचा आकडा नाचत राहतो. या स्वस्त काट्यांची एक खोड फार थोड्यांना माहीत असते. शून्याच्या आसपास अगदी हळू हळू वजन वाढलं तर काटा ते स्वतःचीच चूक समजून पुन्हा शून्य दाखवतो. प्रत्येक रंगाआधी शून्य करणाऱ्याचे पहिले दोन-तीन थेंब असे हिशेबाबाहेर राहतात. म्हणून डबीसकट वजन ठेवायचं आणि पुढची बेरीज करत जायचं.

निळ्याचं गणित वेगळं. दहा ग्रॅमला थॅलो ब्लू, म्हणजे आमचा तीव्र निळा, लागतो ०.०२ ग्रॅम आणि काट्याची चूकच ०.०१ ची, म्हणजे सरळ निम्मी. त्यावर उपाय सोपा. एक ग्रॅम निळा नऊ ग्रॅम पांढऱ्यात आधी घोटून ठेवायचा. मग ०.०२ ऐवजी ०.२० ग्रॅम मोजायचं असतं आणि तीच चूक पाच टक्क्यांवर येते. सोबत आलेला ०.१८ ग्रॅम पांढरा एकूण पांढऱ्यातून वजा करायचा.

डबी ४.३० ग्रॅम होती. छटा जमली तेव्हा वहीतले आकडे असे होते: पांढऱ्यानंतर १२.३२, यलो ऑकरनंतर १३.७२, रेड ऑक्साइडनंतर १४.१०, पांढऱ्यात घोटलेल्या निळ्यानंतर १४.३०. तिथवर जाताना लाल आणि निळा मात्र टूथपिकच्या टोकाने, अंदाजापेक्षा कमी धरून वाढवत न्यावे लागतात. ०.३८ ऐवजी ०.४८ लाल पडला तर मूळ प्रमाणावर यायला बाकीचे रंग मिळून अडीच ग्रॅमच्या वर वाढवावे लागतात आणि डबीभर रंग उगाच जमतो. डबी अरुंद तोंडाची घ्यावी. पसरट वाटीतलं पाणी मोजता मोजता उडतं.

ओल्या रंगावर कधीच निर्णय घ्यायचा नाही. ॲक्रिलिकचं बाइंडर ओलं असताना दुधाळ असतं, सुकल्यावर पारदर्शक होतं आणि रंग एक पायरी गडद होतो. प्रायमर मारलेल्या पट्टीवर रंग फवारायच्या गननेच (एअरब्रशने) दोन हात मारले, सुकवले, थंड होऊ दिले आणि पट्टीची कड पितांबराखालच्या रंगाला टेकवली. कड दिसेनाशी झाली तेव्हा थांबलो.

थिनर सगळ्या रंगात घालू नये. चार ग्रॅम रंग वेगळा काढला, त्यात दोन ग्रॅम थिनर घातलं: पाणी आणि थोडं पारदर्शक मीडियम, म्हणजे रंगद्रव्याशिवायचं बाइंडर. नुसतं पाणी वाढवलं की बाइंडर विरळ होतं आणि रंग कोळ्याच्या पायांसारखा फुटून पळतो. मिसळायचं बाहेरच्या डबीत, गाळायचं जुन्या नायलॉनच्या मोज्यातून आणि मग गनच्या कपात. कपात आधी दोन थेंब थिनर टाकलेलं असावं, म्हणजे नोझलशी पहिला दाट रंग अडकत नाही.

भाद्रपदाची दमट हवा कंप्रेसरमध्ये पाणी करते. ते पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप रिकामा न करता ट्रिगर दाबलात तर रंगाऐवजी पाण्याचा ठिपका कानावर बसतो. ०.३ मिलिमीटरचं नोझल, हवेचा दाब २० पीएसआय, सहा-सात सेंटिमीटर अंतर, विरळ हात. चिकटपट्टी लावली नाही, तिने कडक रेघ उमटते. पितांबरासमोर कागद बोटभर दूर धरला आणि जुन्या रंगात मिसळायच्या कडेसाठी उरलेल्या रंगात तेवढंच पारदर्शक मीडियम घातलं.

कानाच्या आतली रेड ऑक्साइडची सावली त्यानंतर दिली, शेवटी मोती: सहा ग्रॅम मीडियमला ०.३० ग्रॅम पावडर. हिला ०.५ चं नोझल लागतं, बारीक नोझलमध्ये अभ्रक अडकतं. कपात ती लगेच तळाशी बसते, त्यामुळे दर थोड्या वेळाने काडीने ढवळावं लागतं; नाहीतर सुरुवातीला चमक जास्त आणि शेवटी नुसतं मीडियम. मोती गालापर्यंत विरवत नेला आणि बल्बखाली मूर्ती फिरवून पाहिली. डाग कुठल्याच कोनातून उठला नाही.

थिनर न घातलेला सहा ग्रॅम रंग झाकण लावून, वर चारही आकडे लिहून, मूर्तीसोबतच दिला. घरी पाटावर ठेवताना पुन्हा कड घासलीच, तर बारीक ब्रशने टेकवायला तो पुरतो.