कला अकादमीचं प्रदर्शन भरवायचं असेल तर

पणजीच्या कला अकादमीच्या, म्हणजे गोव्यातल्या नाटक-संगीताच्या संस्थेच्या, इमारतीवर एक मोठं प्रदर्शन व्हायला हवं, हे मी भेटेल त्याला सांगत असते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी उभी केलेली ही वास्तू १९८३ साली पुरी झाली. कोरियांच्या कामाचं मोठं प्रदर्शन २०१३ मध्ये लंडनला रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सने भरवलं होतं, आणि त्यांनी आपल्या आराखड्यांचा संग्रहही त्याच संस्थेकडे दिला. कागद तिथे नीट राहतील याचं समाधान आहे. पण ही इमारत आपण कशी वापरली, याचा ऐवज इथेच आहे. फोंड्यात, पेडण्यात, काणकोणात, लोकांच्या कपाटांत आणि माळ्यांवरच्या ट्रंकांत.

मी हौशी नाटकांचं नेपथ्य करते. त्यामुळे वास्तूचं कौतुक मी आधी पाठीवर फ्लॅट, म्हणजे नेपथ्याची कापड लावलेली चौकट, घेऊन केलं, पुस्तकं मागाहून हाती आली. कांपालच्या रस्त्यावर टेम्पोतून उतरलं की समोर अंगावर येणारी भिंत नाही. झाडांच्या उंचीला धरून राहिलेली बुटकी, लांबलचक इमारत आणि वर काँक्रीटच्या तुळयांचं उघडं छत. त्याखालून चालत गेलात की थेट मांडवी नदी. तिकीट नसलं तरी चालतं, नाटक बघायचं नसलं तरी चालतं. पायऱ्यांवर कुणी तबल्याच्या क्लासला आलेल्या मुलाची वाट बघत बसलेलं असतं, कुणी नदीकडे तोंड करून संवाद पाठ करत असतं. कॅन्टीनमध्ये भाजी-पावाच्या बशा सरकवून तालमीतल्या चुकांवर वाद चालायचे. माझ्या मते लोकांची माया या मोकळ्या वाटेने जडली. आधुनिक इमारत सामान्य माणसाला परकी वाटते म्हणतात. इथे भजन स्पर्धेला आलेल्या खेड्यातल्या बायका पहिल्याच दिवशी पायऱ्यांवर पाय सोडून बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

आत दीनानाथ मंगेशकर कलामंदिर. त्याच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी प्रेक्षक रंगवले आहेत, जुन्या थिएटरातल्यासारखे सज्जांत बसलेले गोंयकार. मराठी नाट्यस्पर्धेच्या 'अ' गटात आमचं पहिलं नाटक होतं, तेव्हा पडद्याच्या फटीतून डोकावून मी घाबरले होते. खुर्च्या अजून रिकाम्याच होत्या. आमच्यातले एक जुने नट मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "भिऊ नको गे. भिंतीवरचे कधीचे येऊन बसलेत." पुढे तिसरी घंटा झाली की मी त्या भिंतीकडे एकदा बघायचे, ती सवयच लागली.

प्रदर्शनात मला हे सगळं हवं आहे. तियात्रांची (गोव्यातल्या कोंकणी संगीत नाटकांची) हँडबिलं, केसरबाई केरकर संगीत समारोहाच्या पत्रिका, मेकअप रूममध्ये काढलेले फोटो, उघड्या रंगमंचाच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर अख्खं कुटुंब बसलेलं असे फोटो. माझ्याकडून मी एक चौकटीची वही देईन. तीत प्रत्येक नाटकाच्या वेळी स्टेजचा नकाशा काढलेला आहे. एक चौकट म्हणजे एक फूट, लेव्हलला, म्हणजे स्टेजवरच्या उंच चौथऱ्याला, तिरक्या रेघा, दाराला लाल पेन्सिल, आणि समासात कुठल्या फ्लॅटचं कापड फाटलंय त्याची नोंद. माझी एक मैत्रीण वास्तुविशारद आहे, ती म्हणते आधी कोरियांचा आराखडा लावा. लावू या की. त्यांचा छेद-नकाशा, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखी दाखवणारं चित्र, पाहिल्याशिवाय इमारत एवढी मोठी असून नदीला आडवी का येत नाही हे कळत नाही. पण त्याच्याच शेजारी ही वही लावावी, एकाच उंचीवर.

आणि अलीकडची वर्षं वगळू नयेत. २०१९ मध्ये उघडा रंगमंच पाडण्याची भाषा निघाली तेव्हा कलाकार आणि वास्तुविशारद एकत्र उभे राहिले, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने आपणहून दखल घेतली. मग नूतनीकरणासाठी इमारत बंद झाली, आणि काम चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये उघड्या रंगमंचावरचं छत कोसळलं. त्या सकाळी आमच्या ग्रुपवर फोटो आला, तेव्हा बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग एकेकाने आपापली जुनी तिकिटं, फोटो टाकायला सुरुवात केली. दुपारपर्यंत मोबाइल भरून गेला. इमारत पुन्हा उघडल्यावरही ध्वनी आणि प्रकाशाबद्दल कलाकारांनी तक्रारी मांडल्या, आणि त्या मांडायलाच हव्या होत्या. त्या सकाळचा तो फोटोही भिंतीवर लागला पाहिजे, खाली तारीख घालून.

जागेबद्दल माझं मत पक्कं आहे. कलादालनात नको, त्या मोकळ्या वाटेतच भरवा. कलादालनात ठरवून येणारेच येतात. वाटेत लावलं तर नदीवर फिरायला निघालेला माणूस थांबेल, एखाद्या फोटोत आपल्या आईला ओळखेल आणि नाव सांगेल. नावं लिहायला प्रत्येक फोटोखाली कोरी पट्टी आणि दोरीला बांधलेली पेन्सिल ठेवायची.