लंडनच्या बाथरूममध्ये जवस

गेल्या महिन्यात आईचं पार्सल आलं. भाजणी, काळा मसाला, शेंगाचटणी आणि मी मुद्दाम सांगून मागवलेले अर्धा किलो जवस. पाठवण्याआधी तिने फोनवर विचारलं होतं, "दोघांच्या घरात एवढी जवसाची चटणी कोण खाणार गं?" चटणीसाठी नकोत, केसांना लावायचेत, असं म्हटल्यावर पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "थांब, बाबांना देते फोन."

जवस इथेही मिळतात, कुठल्याही सुपरमार्केटात. पण पार्सलात जागा उरली होती आणि सोलापूरचे जवस म्हटले की मला उगीच बरं वाटतं. असो.

माझे केस कुरळे आहेत. अगदी स्प्रिंगसारखे नाहीत. वर लाटा, मानेजवळ वेटोळी, आणि कपाळावर ज्यांना कुणाचंच ऐकायचं नसतं अशा बटा. आईच्या मते हे आत्याकडून आलं, म्हणजे दोष सासरचा. आमच्या घरात कुरळे केस म्हणजे बिघडलेले सरळ केस असाच समज होता, आणि बिघडलेली वस्तू जशी दुरुस्त करतात तसंच सगळं चालायचं. रविवारी शिकेकाईने न्हाणं, केस वाळले की बारीक दातांच्या फणीने कोरडेच विंचरणं (माझं रडणं यात धरलेलंच), मग वाटीभर तेल चोपडून दोन घट्ट वेण्या आणि लाल रिबिनी. शाळेत पोचेपर्यंत कपाळाभोवती पिसारा उभा राहिलेला असायचा. वर्गात मला "घरटं" म्हणायचे. बाईसुद्धा एकदा म्हणाल्या.

पुण्याला हॉस्टेलवर रूममेटकडे केस सरळ करायची इस्त्री होती. पहिल्यांदा आरशात माझे केस खांद्यावरून सरळ खाली पडलेले पाहिले तेव्हा मला अक्षरशः भरून आलं. पुढची दहा वर्षं ती इस्त्री, आणि तिच्यानंतरच्या तिच्या तीन बहिणी, माझ्याबरोबर सगळीकडे फिरल्या. बटण नेहमी शेवटच्या आकड्यावर, २३० अंश सेल्सिअस. पुऱ्या तळायचं तेल १८०च्या आसपास असतं हे मला ठाऊक होतं, पण हे दोन आकडे मी कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. घाईच्या दिवशी केस अर्धवट ओले असतानाच इस्त्री फिरवायची, चर्र असा आवाज यायचा, वाफ निघायची. ते पाणी केसाच्या आतच उकळतं आणि वाफेचे बारीक फुगे आतून केस पोकळ करतात. तिथेच तो तुटतो. माझे टोकाकडचे केस का तुटतात याचा दोष मी तेव्हा पुण्याच्या हवेला देत होते.

मग लग्न, मग लंडन. इथे आल्यावर दोन महिन्यांत केसांचा काथ्या झाला. आधी वाटलं थंडी असेल. मग एके सकाळी चहाच्या किटलीत पाहिलं तर तळाला पांढरा, खरखरीत थर. हा थर आपण सोलापूरकर लगेच ओळखतो! बोअरच्या पाण्याची बादली, नळाच्या तोटीवरचे डाग, चार शिट्ट्या झाल्या तरी न शिजणारी तूरडाळ. लंडनभोवतीची जमीन खडूच्या दगडाची आहे. त्यातून मुरत आलेलं पाणी सोबत कॅल्शियम घेऊन येतं. परदेशात आलो, पाणी मात्र गावाकडच्यासारखंच जड. तो क्षार केसांवरही बसतो, केस राठ होतात आणि कुरळ्या केसांवर ते आधी दिसतं, कारण ते मुळातच कोरडे. टाळूचं तेल सरळ केसांवरून घसरगुंडीसारखं टोकापर्यंत जातं. वेटोळ्यांतून त्याला वाटच सापडत नाही. म्हणून टाळू तेलकट आणि टोकं झाडूसारखी.

इथल्या एका सलूनमध्ये गेले, नाव कशाला घ्या. मुलगी गोड बोलणारी होती. केस ओले करून, ताणून, फूटपट्टीने मोजावेत तसे खांद्याबरोबर कापले. वाळले तेव्हा ते कानाच्या पाळीशी येऊन थांबले होते. कुरळे केस वाळताना आखडतात हे तिला कुणी शिकवलेलंच नव्हतं. नंतर कळलं की इथे केशकर्तनाच्या प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय मानकांमध्ये आफ्रिकी आणि कुरळ्या पोताच्या केसांचा रीतसर समावेश झाला तो २०२१ साली. म्हणजे ज्या शहरात कॅरिबियन बेटांवरून आलेली माणसं १९४८ पासून वस्ती करून आहेत, तिथे.

त्या कापणीनंतर मी आठवडाभर टोपी घालून ऑफिसला जात होते. शेवटी माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकारिणीला राहवलं नाही. तिचे आजीआजोबा जमैकाहून आलेले. तिने टोपी काढायला लावली, केसांत हात न घालता नुसतं चारी बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, शेवटचं केस न विंचरता कधी वाळवलेस? मी म्हटलं, कधीच नाही. ती हसली. शनिवारी मला पेकममधल्या राय लेनवर घेऊन गेली. त्या रस्त्यावर केसांच्या सामानाची दुकानं अशी आहेत जशी आपल्याकडे लग्नसराईत बांगड्यांची. पण मला घेऊ काय दिलं? रुंद दातांचा एक कंगवा आणि झोपताना घालायची सॅटिनची टोपी. बाकी घरी असेल ते वापर, म्हणाली.

एक सांगायला हवं. तिच्या केसांचं प्रकरण माझ्याहून फार वेगळं आणि फार जुनं आहे. मला कुणी घरटं म्हणालं, तिच्या लोकांना केसांमुळे नोकऱ्या नाकारल्या गेल्या. असा भेदभाव थांबवण्यासाठी अमेरिकेत कॅलिफोर्नियाला २०१९ साली कायदा करावा लागला. मी फक्त तिच्याकडून शिकले.

शिकले ती मुख्य गोष्ट अशी. केसाचा आकार दोन तऱ्हेच्या बंधांनी टिकतो. गंधकाचे बंध म्हणजे मशीनची पक्की शिलाई, साध्या पाण्याने सुटत नाही. हायड्रोजनचे बंध म्हणजे धावदोरा. केस भिजले की तो उसवतो, वाळताना पुन्हा घातला जातो. म्हणजे ओले केस वाळतात त्या दोन-चार तासांत ते ज्या आकारात असतील, तोच आकार पुढच्या नहाणापर्यंत. इस्त्रीसुद्धा दुसरं काही करत नाही, फक्त हा धावदोरा सरळ रेषेत घालते, आणि पावसाळी हवा लागली की तो आपोआप उसवतो. आपण काय करतो? नेमकं याच वेळात टॉवेलने खसाखसा पुसतो, झटकतो, विंचरतो, आणि मग केस पिंजारले म्हणून रडतो.

आता टॉवेलबद्दल. सोलापूरच्या पोरीने टॉवेलविरुद्ध लिहावं हे पाप आहे, पण लिहिते. टर्किश टॉवेलचे ते सुंदर फासे कुरळ्या केसांचे पक्के वैरी. प्रत्येक फाशात एकेक केस अडकतो आणि बट फुटते. त्यापेक्षा बाबांचा पंचा घ्या, नाहीतर जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला सुती टी-शर्ट. मी पंचा वापरते. पलंगावर पसरायचा, डोकं खाली करून केस त्यावर घडीसारखे बसू द्यायचे आणि मागून गुंडाळून गाठ मारायची. वीस मिनिटं. नवऱ्याला पहिल्यांदा वाटलं मी शेतावर निघाले.

त्याच्या आधीचं थोडक्यात. शाम्पू फक्त टाळूला, आठवड्यातून दोनदा पुरे. महिन्यातून एकदा क्षार काढणारा शाम्पू, कारण लंडनचं पाणी. कंडिशनर मात्र सढळ हाताने, आणि विंचरायचं तेव्हाच, तो केसांत असताना, रुंद कंगव्याने, टोकांकडून वर. कोरडे केस विंचरायचे नाहीत. एकदाही नाही. हे आईला पटवायला मला दोन वर्षं लागली आणि अजून ती पुरती पटलेली नाही.

आणि आता जवस. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आच, हलवत राहायचं. सात-आठ मिनिटांत पाणी भेंडीसारखं बुळबुळीत होतं. पळीवरून सोडल्यावर एकतारी पाकासारखी तार आली की गॅस बंद. लगेच, गरम असतानाच गाळायचं. गार झालं की ते गाळणीला सोडत नाही, पहिल्या वेळी माझी चहाची गाळणी कायमची गेली. पातळ मोज्यातून पिळलं की उत्तम गळतं. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं, मग वास येतो, म्हणून मी निम्मं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. केसांतून पाणी ठिबकत असतानाच हे लावायचं. डोकं खाली घालून, टोकाकडून मुळाकडे मुठीत धरून दाबत जायचं, लाडू वळतो तसं, पण कुस्करायचं नाही. मग पंचा.

पंचा काढला की हात लावायचा नाही. सगळ्यात अवघड काम हेच. वाळता वाळता केस पापडासारखे कडक होतात आणि वाटतं, झालं, फसलं. तसं नसतं. ते कवच आहे, त्याच्या आत वेटोळी बसत असतात. पूर्ण वाळले, अगदी मुळापर्यंत, की तळहातावर खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळून तोच लाडू परत वळायचा. पापड मोडतो आणि आतून मऊ बटा निघतात. पहिल्यांदा निघाल्या तेव्हा मी आरशासमोर डोकं इकडून तिकडे हलवत किती वेळ उभी होते, सांगत नाही.

तेलाचं म्हणाल तर आजी चुकली नव्हती, तिची वेळ आणि माप चुकायचं. मुंबईत रेले आणि मोहिले या दोघांनी २००३ साली मिनरल तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना केली होती. केसातलं प्रथिन धुऊन जाणं कमी झालं ते फक्त खोबरेलने, कारण ते केसाच्या आत शिरतं. (अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतला आहे, हे ध्यानात ठेवूनच मी सांगतेय.) म्हणून न्हायच्या आधी तासभर तेल, हे मी परत सुरू केलंय. वाटीभर नाही, दोन चमचे.

उष्णता अगदी वर्ज्य नाही. जानेवारीत इथे चार वाजता अंधार पडतो, आणि ओल्या केसांनी बसच्या थांब्यावर उभं राहणं म्हणजे डोकं फ्रीजमध्ये ठेवणं. तेव्हा ड्रायरला डिफ्यूजर लावते, म्हणजे भोकाभोकांचं ते पसरट भांडं, त्याने हवा एकाच जागी न आदळता पसरते. सगळ्यात कमी गरम, कमी जोर, बट भांड्यात बसवायची आणि हलवायचं नाही. ऐंशी टक्के वाळले की बंद. कामाचा ईमेल वाचून होतो तेवढ्यात.

याच लंडनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल नेस्लर नावाच्या जर्मन केशकर्तनकाराने सरळ केस कायमचे कुरळे करायचं यंत्र काढलं. आधी प्रयोग बायकोवर केले आणि पहिल्या दोन वेळा बिचारीचे केस जाळले. आमच्यासारख्या बायका कुरळे केस जाळून सरळ करतात, आणि इकडे ही. मला त्या बाईंबद्दल फार वाटतं.

गेल्या जुलैत सोलापूरला आले होते. लंडनची सगळी विद्या तिथे निम्मीच चालली. दमट हवेत केस पाणी ओढून लांबतात आणि फुगतात. हे इतकं नेमाने होतं की १७८३ साली द सोस्यूर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने माणसाचा केस लावून हवेतली आर्द्रता मोजायचं उपकरण बनवल्याचं लिहून ठेवलंय. त्या पंधरा दिवसांत माझं डोकं म्हणजे फिरती वेधशाळा होती. ग्लिसरिन असलेलं क्रीम बंद केलं, कारण तेही हवेतलं पाणी ओढतं. जवस थोडे घट्ट उकळले, आणि बाकी चक्क सैल वेणी घातली. रात्री वेणी, सकाळी सोडली की लाटा, विजेचं बिल शून्य.

झोपताना सॅटिनची टोपी मी सोलापुरात विसरले होते. आईने कपाटातून तिची फाटकी रेशमी साडी काढली, काही न बोलता काठ उसवला आणि मधल्या कापडाचा उशीचा अभ्रा शिवून दिला. तो आता इथे आहे. सुती अभ्रा केसांतला ओलावा शोषतो आणि घासतो, रेशमावरून केस नुसते सरकतात. तिला हे कारण मी सांगितलं नव्हतं. तिला फक्त ती टोपी बघवत नव्हती.

जवस गाळल्यावर मोज्यात जो चोथा उरतो, तो टाकवत नाही. मी तो भाजणीत मळून थालीपीठ लावते, जरा चिकट होतं पण खरपूस येतं. (मोजा नवा आणि वेगळा ठेवलेला आहे, विचारण्याआधीच सांगते.) आईला फोटो पाठवला. तिचा मेसेज आला: पुढच्या वेळी किलोभर पाठवते.