शेजारच्या आजींची दोन मतं

१ जानेवारी २०२५ पासून इथे स्वित्झर्लंडमध्ये सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकायला बंदी आहे, दंड १००० फ्रँकपर्यंत. थंडीतला मफलर चालतो, फासनाख्टच्या, म्हणजे इथल्या कार्निव्हलच्या, मिरवणुकीतले मुखवटे चालतात. कायद्यात बुरखा हा शब्द कुठेही नाही, पण प्रचाराच्या पोस्टरवर बाई होती ती नकाबातलीच.

मला जास्त लागलं ते हे, की हे लोकांनी ठरवलंय. मार्च २०२१ मध्ये मतदान झालं, सरकार आणि संसद दोघंही नको म्हणत होते, तरी ५१.२ टक्क्यांनी पास. २००९ मध्ये मिनारबंदी तर ५७.५ टक्क्यांनी, तेव्हा अख्ख्या देशात मिनार होते चार! आणि याच लोकांनी सप्टेंबर २०२१ मध्ये समलिंगी विवाहाला ६४.१ टक्के होकार दिला, एकही कँटन (इथलं राज्य) विरोधात गेलं नाही.

आमच्या शेजारच्या आजींनी २०२१ मध्ये दोन्ही वेळा, चेहरा झाकायच्या बंदीला आणि समलिंगी विवाहालाही, हो म्हटलंय. मतदानाआधी घरी पुस्तिका येते, त्यात दोन्ही बाजूंचं म्हणणं छापलेलं असतं, आजी ती पेन्सिलीने खुणा करत वाचतात, हे मला मनापासून आवडतं. गणपतीत त्या चपला दाराबाहेर काढून आरतीला येतात, मोदक हातानेच खातात. पण नकाब म्हटलं की, "बोलताना मला समोरच्याचा चेहरा दिसायला हवा," बास, विषय संपला. बरं, इथे नकाब घालणाऱ्या बायका अगदी मोजक्या, आजींना कितीशा भेटल्या असतील?

आपल्याकडे सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. मुंबईत नाव ऐकून नाहीतर मासे खाता म्हणून फ्लॅट नाकारणाऱ्या सोसायट्या आहेतच, आणि समलिंगी विवाहाचं २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने संसदेवर सोपवलं ते तिथेच पडलंय, त्यात हे लोक आपल्या कितीतरी पुढे आहेत हे मान्यच. पण २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ वर कोर्टानेच न्याय दिला ना, तेव्हा कुणी देशभर हात वर करायला सांगितले नाहीत. इथे लोकांनी एकदा घटनेत घातलं की कोर्टालाही ते सहज काढता येत नाही. थोड्या लोकांनी काय घालावं, प्रार्थनास्थळ कसं बांधावं हे बाकीच्यांनी मोजून ठरवायचं, हे मला पटत नाही, मग ते कितीही शिस्तीत होवो. मला इथे मताचा हक्क नाही, असता तर मिनारबंदी आणि नकाबबंदी दोन्हीला मी नाही लिहिलं असतं, आणि आजींना मी ते सांगितलंय.