उधारीची यादी

नगर जिल्ह्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सुगीच्या सणाला लोक ज्वारी, अंडी, कोंबड्या, भोपळे आणून वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. साध्या भोपळ्यालाही चढाओढीने बोली लागते. खिशात पैसे नसले तरी माणूस उत्साहात बोली लावून जातो आणि खजिनदाराच्या वहीत उधारी चढते. त्या वर्षी ती बरीच साचली होती.

वार्षिक सभेत ताळेबंद वाचून होतोय तोच एक तरुण सभासद उभा राहिला. "येणे रक्कम कुणाकडे आहे? नावं वाचा." मागच्या बाकांवरून दोघातिघांनी री ओढली. मी सेक्रेटरी, इतिवृत्त लिहीत होते.

विचारायचा त्याला पूर्ण हक्क होता. १९७० साली नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं; आमची मंडळी त्यातलीच. त्यात बिशपांची व्यवस्था आली, तशीच १८३१ पासून नगरला काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशन या मिशनरी संस्थेची रीतही आली. त्या रीतीत कारभार मंडळीच्या सभेपुढे मांडावा लागतो.

आमचे खजिनदार निवृत्त शिक्षक. "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणत राजीनामा पुढे करणारे पदाधिकारी मी पाहिले आहेत. सर मात्र म्हणाले, "प्रश्न रास्त आहे." एकूण येणे किती, किती घरांकडे, कधीपासून, सगळं सांगितलं. मग म्हणाले, "सभेनं दोघांना नेमावं. त्यांनी वही आणि पावतीपुस्तक ताडून पाहावं. नावं मात्र मी इथं वाचणार नाही. देवाच्या घरात आनंदानं बोली लावली म्हणून कुणाची मान खाली जायला नको."

मला नावं ठाऊक होती. दोन कुटुंबं ऊसतोडीला गेलेली. तिसरी एक विधवा, तिसऱ्या बाकावर, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेली.

अध्यक्षस्थानी पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, होते. त्यांनी विषय लगेच मताला टाकला नाही. नावं मागणाऱ्यांनाही पुरतं बोलू दिलं. हा संयम मला फार मोलाचा वाटतो, कारण अर्धी भांडणं माणसाचं म्हणणं मध्येच तोडल्यामुळे वाढतात. शेवटी दोघांची नेमणूक झाली. त्यातला एक तोच तरुण.

पडताळणी करून आल्यावर तो सभेला म्हणाला, "हिशेब जुळतो." कुणीतरी पुन्हा नावं विचारली. "ती सांगायची नाहीत," तो म्हणाला आणि बसला.

मंडळीच्या कमिटीसाठी माणूस शोधताना आपण बोलका, चारचौघांत वजन असलेला बघतो. बायबलमधल्या १ तीमथ्य ३ मधली मंडळीच्या सेवकांच्या गुणांची यादी मात्र वेगळीच आहे: गंभीर, दुतोंडा नसलेला, पैशाचा लोभ नसलेला. हिशेब उघडा ठेवणारा आणि माणसांची लाज पोटात ठेवणारा असा एकच माणूस मिळणं अवघड असतं. आम्हाला त्या दिवशी दोन मिळाले.

पुढच्या निवडणुकीत कमिटीसाठी त्या तरुणाचं नाव सरांनीच सुचवलं. अनुमोदन मी दिलं.