एका दिवसात तीन ऋतू

सकाळी भूतानची राजधानी थिंफूत स्वेटर, त्यावर जाकीट. उंची सुमारे २३०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही कितीतरी वर! तिथून गाडी चढत चढत दोचुला खिंडीत, जवळजवळ ३१०० मीटरवर आली. १०८ छोर्तेन (बौद्ध स्तूप), धुकं आणि बोटं बधिर करणारा वारा. ढग जरा सरकले आणि हिमशिखरांची रांग दिसली. मी आणि आई, दोघीही गप्प झालो.

मग उतार. देवदार मागे पडले, जाकीट निघालं, स्वेटर निघाला आणि पुनाखात चक्क केळीची झाडं! उंची फक्त १२०० मीटरच्या आसपास. म्हणून तर थंडीत थिंफूचे भिक्खू मुक्कामाला इथे येतात. ही प्रथा शेकडो वर्षांची आहे.

भूतान महाराष्ट्राच्या जेमतेम आठवा हिस्सा, पण दक्षिणेला शंभरेक मीटरवरची दमट जंगलं आणि उत्तरेला ७५७० मीटरचं गांगखर पुएनसुम शिखर, ज्यावर अजून कुणी पाऊल ठेवलेलं नाही.

पुनाखाचा झोंग, म्हणजे किल्ल्यासारखा मठ, फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावर उभा आहे. आईने पाण्याला हात लावून नमस्कार केला, आपल्याकडे करतात तसाच. १९९४ च्या ऑक्टोबरात वर हिमनदीचं सरोवर फुटलं आणि याच फो छूतून लोंढा आला. माणसं गेली, झोंगचंही नुकसान झालं. वरचा बर्फ अजून वितळतोच आहे. इतकं निवळ, हिरवं पाणी बघताना ते सारखं आठवत होतं.

रात्री जेवायला लाल भात आणि एमा दात्शी, म्हणजे मिरच्या आणि चीजची भाजी. आईने मिरच्या बाजूला न काढता संपवली.