घरच्या घरी

मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा नट सुटत नाहीये, हे मला रविवारी सकाळी साडेआठला कळलं. पावणेनऊला ते बी विंगला कळलं होतं.

तसं काम किरकोळ होतं. ब्रेक दाबला की मागून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज यायचा, म्हणजे ब्रेक शू संपले होते. दोनेकशे रुपयांचे शू. चाक काढायचं, जुने उतरवायचे, नवे बसवायचे, चाक परत लावायचं. नाक्यावरचा मेकॅनिक हे अर्ध्या तासात करतो, तेही मान वाकडी करून खांद्यावर फोन धरून. पण त्याच्या शटरवर खडूनं लिहिलेलं होतं, ‘गावी गेलो आहे. गौरी गेल्यावर भेटू.’ गणपती चार दिवसांवर आले की प्रभादेवी-परळमधून कोकणी माणूस वजा होतो, आणि मग कळतं की नळ, वायरिंग, गाड्या आणि अर्धी बेस्ट तोच चालवत होता. आमच्या घरचेही सगळे रेल्वेत उभ्यानं का होईना, पोचले होते. मला रजा नव्हती, म्हणून मी मागे. भर पावसात ब्रेक नसलेली गाडी चालवू नये एवढी अक्कल आहे, आणि रविवार मोकळा होता. मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. त्यातला माणूस म्हणाला, हे काम तुम्ही घरच्या घरी करू शकता.

त्याचं घर मी नीट बघून घेतलं. दोन गाड्या मावतील एवढी खोली, जमीन अशी की पंगत बसवावी, भिंतीवर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं टांगलेले. एका बाजूला लोखंडी शिकंजा बसवलेलं टेबल. आमचं घर चौथ्या मजल्यावर, आणि त्यात घरच्या घरी दही लावता येतं, केस काळे करता येतात. मोटारसायकल लिफ्टमध्ये मावत नाही. त्यामुळे आमच्या बाबतीत ‘घर’ म्हणजे बिल्डिंगखालचं पार्किंग, खांब नंबर चार, पंपाची खोली आणि कचऱ्याचे डबे यांच्यामधली साडेतीन फुटांची जागा. तिथून दूधवाला जातो, पेपरवाला जातो, मॉर्निंग वॉकहून परतणारे सगळे जातात. आणि उकिडवा बसलेला माणूस दिसला की थांबायचं, हा या शहराचा रिवाज आहे. खड्डा खणणाऱ्या महापालिकेच्या माणसांना जेवढे प्रेक्षक मिळतात तेवढे आमच्या हौशी रंगभूमीला मिळत नाहीत.

नट अडकला त्याला दोन कारणं होती. पहिलं कारण समुद्र. तो आमच्याकडून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि घराची जाहिरात करताना लोक याचं कौतुक करतात. पण त्या वाऱ्यात मीठ असतं, आणि मिठाच्या ओलीत लोखंड दुप्पट घाईनं गंजतं. गंजाची गंमत अशी की तो लोखंड खातो खरा, पण खाऊन फुगतो. जेवढं लोखंड गेलं त्याच्या दुपटीहून जास्त जागा गंज अडवतो. नटाचे आटे आणि एक्सलचे, म्हणजे चाकाच्या मधून जाणाऱ्या दांड्याचे, आटे यांच्यामधे मुळात केसाएवढी फट, तीत हा पाहुणा येऊन फुगून बसला की मग दोघांनाही हलता येत नाही. दुसरं कारण माणूस. मागच्या उन्हाळ्यात पनवेलच्या पुढे पंक्चर झालं होतं, तेव्हा हायवेवरच्या एका पोरानं चाक लावल्यावर पान्यावर चक्क उभं राहून दोन उड्या मारल्या होत्या. मी त्याला त्या कष्टाबद्दल वर दहा रुपये दिले होते.

आता थोडा हिशेब. अशा छोट्या गाडीच्या मागच्या नटाला ५०-६० न्यूटन मीटर एवढा पीळ पुरतो. म्हणजे पाव मीटर लांबीचा पाना घेऊन वीसेक किलोच्या जोरानं दाबलं की झालं. साठ किलोचा मुलगा त्याच पान्याच्या टोकावर नुसता उभा राहिला तरी पीळ १५० च्या घरात जातो. उड्यांचा हिशेब मी केला नाही.

माझ्याकडे होता स्क्रू पाना. हा पाना कुठल्याही नटाला बसतो, आणि म्हणूनच कुठल्याच नटाला नीट बसत नाही. १८९२ साली स्वीडनच्या योहान्सन नावाच्या गृहस्थांनी त्याचं पेटंट घेतलं, त्यांचा हेतू चांगलाच असणार. पण जाम झालेल्या नटावर तो लावला की जबडा किंचित उघडतो, सटकतो, आणि नटाचे कोपरे गोल होऊ लागतात. षटकोनी नट एकदा लाडवासारखा झाला की त्याला धरणार कुठे? माझा दोनदा सटकला. दुसऱ्या वेळी बोटाची सालटी निघाली आणि तोंडातून जे गेलं ते २०४ मधल्या वहिनींनी ऐकलं.

“भाऊजी, खोबरेल देऊ का?”

बोटाला की नटाला, हे त्यांनी सांगितलं नाही. मी निळा-पिवळा फवारा आणला. डब्ल्यूडी-४०. त्या नावातला चाळीसचा आकडा मला आवडतो. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला हे रसायन बनलं ते पाणी हटवण्यासाठी. ॲटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून. एकोणचाळीस वेळा जमलं नाही, चाळीसाव्या वेळी जमलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. प्रभादेवीत मात्र त्यानं नटावर फेस धरला, खाली ओघळलं, आणि सोसायटीनं नुकत्याच बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवर वहाणेएवढा डाग पडला. सेक्रेटरी तिथूनच जात होते. ते काही बोलले नाहीत, डागाकडे फक्त इतका वेळ बघत राहिले की पुढच्या सभेचा विषय नंबर तीन मला दिसला.

तोवर सहा-सात जण जमले होते. वॉचमननं मीटरच्या खोलीतून एक इंची जीआय पाईपचा तुकडा आणला. मागे बिल्डिंगचं प्लंबिंग बदललं तेव्हा तो ‘लागेल कधी’ म्हणून ठेवला गेला होता, आणि आज लागला. टेम्पो चालवणाऱ्या शेजाऱ्यानं एकोणिसाचा रिंग पाना दिला. पान्यावर पाईप चढवला, हात लांब झाला, आणि आर्किमिडीजची आठवण काढून मी जोर लावला.

फिरला!

खरंच फिरला. पाईप गोल आला, मी जवळजवळ खाली बसलो, एका लहान मुलानं टाळ्या वाजवल्या. मी परत पाना लावला, परत फिरवला. वहिनी म्हणाल्या, “चला, सुटला एकदाचा.” मीही पाच-सहा वेळा असा ऐटीत फिरवला की बास. फक्त नट बाहेर येत नव्हता.

“नट नाही फिरत रे,” मागून आवाज आला. “एक्सल फिरतोय. पलीकडून बघ.”

पलीकडून बघितलं. चाकाच्या दुसऱ्या बाजूला एक्सलचं डोकं माझ्या नटाबरोबर इमानेइतबारे फिरत होतं. पाच मिनिटं मी सगळ्यांसमोर एक दांडा जागच्या जागी फिरवून दाखवत होतो.

बोलणारे काका तिसऱ्या मजल्यावरचे. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, फिटर होते. १९८२ च्या जानेवारीत संप झाला तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी कुरिअर वाटलं, हाऊसिंग सोसायट्यांचे पंप बघितले, मुलीच्या शाळेजवळ वडापावची गाडीही दोन वर्षं लावली. त्यांच्या गिरणीच्या जागी आता काचेचा टॉवर आहे, आणि आमच्या गच्चीवरून त्याचा एक कोपरा दिसतो. काकांबद्दल मला एवढंच माहीत होतं, तेही तुकड्यातुकड्यानं, लिफ्टमध्ये ऐकलेलं. ते वर गेले आणि एका जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले पाने घेऊन आले. फडकं सोडलं. पाने काळे, पण तेलाचा हात फिरलेले. एकावरही गंजाचा ठिपका नाही, याच बिल्डिंगमध्ये, याच वाऱ्यात.

मग काकांनी ताबा घेतला. आधी माझा स्क्रू पाना उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “हा घरी ठेव. नळाला चालेल.” मग डबल स्टँडवरून गाडी खाली घ्यायला लावली. जोर लावताना गाडी स्टँडवरून कलंडते आणि पायावर येते, हे त्यांनी सांगितल्यावर मला लगेच पटलं, कारण मघाशी ती दोनदा कलंडायच्या बेतात होती. टेम्पोवाल्याला हँडल धरायला सांगितलं. मला पलीकडून एक्सलचं डोकं पान्यात धरून ठेवायला बसवलं. म्हणजे मुख्य कामातून मी बाद. तेवढ्यात तळमजल्यावरचा कॉलेजचा मुलगा केकवरची साखर जाळायची छोटी गॅसची बंदूक घेऊन आला. नट तापवला की प्रसरण पावतो, हे त्यानं बरोबर सांगितलं. काकांनी चेनवरच्या ग्रीसकडे, टायरकडे आणि वर पेट्रोलच्या टाकीकडे बोट दाखवलं. तो मुलगा बंदूक मागे लपवून उभा राहिला.

“हातोडी आहे का कुणाकडे?”

हातोडी कुणाकडेच नव्हती. बत्तीस बिऱ्हाडांत प्रत्येकाकडे ड्रिल मशीन आहे, हातोडी नाही. शेवटी वहिनींनी खलबत्त्यातला लोखंडी बत्ता आणून दिला, “वेलची कुटायचीय, लवकर द्या” असं बजावून. काकांनी नटाच्या प्रत्येक सपाट बाजूवर बत्त्यानं टिचक्या मारायला सुरुवात केली. जोरात नाही. वैद्य पाठ ठोकून बघतो तसं, एका बाजूला चार, मग पुढची बाजू. मग थोडं तेल. मग परत टिचक्या. मी विचारलं, असं किती वेळ? काका म्हणाले, “गंज भुगा झाला पाहिजे, तेल आत गेलं पाहिजे. चहा सांग कुणाला तरी.”

चहा आला. काकांनी तो बशीत ओतून प्यायला. गाडीकडे त्यांनी त्या वेळात ढुंकूनही पाहिलं नाही, साचे बंद पडले की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, कसा ओरडायचा ते सांगत होते. बशी खाली ठेवली आणि पाना नटावर चढवला. आणि सोडायच्या ऐवजी आवळायच्या बाजूला एक हिसका दिला. मी ओरडलो, “काका, उलटं!”

“माहितीये. आधी आवळायचा. हलला म्हणजे पुरे, कुठल्या बाजूला का हलेना.”

मग त्यांनी पाईप लावला, उलट बाजूला एकच झटका दिला, आणि जो आवाज आला तो अक्षरांत लिहिता येत नाही. वाळकी फांदी मोडते तसा, पण धातूचा. माझ्या हातातल्या पान्याला तो बोटांपर्यंत जाणवला. या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले. “इकडे नाही फिरलं,” मी म्हणालो. “घट्ट धरलंय.”

पुढचे आटे काकांनी बोटांनी सोडवले. नट तळहातावर घेतला, आत फुंकर मारली, विटकरी रंगाची भुकटी उडाली. दोन कोपरे गोल झाले होते, ते माझे. चाक बाहेर येताना मधला बुश, म्हणजे एक्सलवरची छोटी नळी, घरंगळत गटाराच्या जाळीपर्यंत गेला आणि लहान मुलानं त्याच्यावर पाय ठेवून तो अडवला. त्या दिवशीच्या माझ्या सगळ्या कष्टांपेक्षा हे काम मोठं होतं. नवे शू बसवायला वीस मिनिटंही लागली नाहीत. लावताना काकांनी आट्यांना ग्रीसचं बोट फिरवलं आणि नवा नट साध्या पान्यानं, पाईपशिवाय, एका हातानं आवळला. मी म्हटलं, अजून थोडा? त्यांनी नुसतं पाहिलं.

बत्ता मी राखेनं, मग साबणानं, मग चिंचेनं घासून परत दिला. वहिनींनी तो नाकाला लावला आणि म्हणाल्या, यंदा मोदकात जायफळच घालते.

दुपारी आईचा गावाहून फोन आला. सकाळपासून काय केलंस?

“नट काढला.”

“किती?”

“एक.”

पलीकडे जरा वेळ नुसता पावसाचा आवाज. मग म्हणाली, “जेवलास का?”

संध्याकाळी पाईप मीटरच्या खोलीत ठेवायला खाली उतरलो. दिवे लागले होते, पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. खांब नंबर सातशी काका एकटेच उकिडवे बसले होते, समोर फडकं उलगडलेलं, आणि भलत्याच कुणाच्या तरी बुलेटच्या मागच्या नटावर बोटाच्या पेरानं हलकेच टिचक्या मारत होते. माझी चाहूल लागली तशी मान वर न करता म्हणाले, “ही कोणाची रे? हिचापण जाम आहे.”